आजचा शब्द : गॅस

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सातच्या सुमारास एक इंग्रजी शब्द येऊन पडतो. मागे उगवता सूर्य नाहीतर गुलाबाचं फूल, वर ठळक अक्षरांत 'आजचा शब्द', खाली अर्थ आणि नमुन्याचं एक वाक्य. गेल्या महिन्यात आलेले काही सांगते. सेरेंडिपिटी, एफेमरल, युबिक्विटस, पेट्रिकोर. हा शेवटचा म्हणजे पहिल्या पावसानंतर मातीला येतो तो वास. (१९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ग्रीक शब्द जोडून तो बनवला. त्याआधीही साहेबाच्या मातीला वास येत असणारच, नाव तेवढं नव्हतं. आपल्याकडे मृद्गंध होता.) त्याखाली सतरा अंगठे, पाच जोडलेले हात आणि एका काकांचं 'व्हेरी नाइस इन्फर्मेशन'.

तर मंडळी, तुम्ही सगळे माझेच आहात आणि हे तुम्ही वाचणार हे ठाऊक असूनच लिहितेय. हा उपक्रम बंद करा.

निरुपयोगी आहे म्हणून म्हणत नाही. निरुपयोगी गोष्टींशी माझं भांडण नाही, मी स्वतः रोज शब्दकोडं सोडवते. पण ज्यांच्यासाठी म्हणून हे चाललंय, म्हणजे आमच्या घरातल्या ज्या बायकांना आणि सत्तरीच्या पुरुषांना 'थोडं इंग्रजी यायला हवं' असं वाटतं, त्यांच्या मनात यातून एक गोष्ट पक्की बसते. ती अशी, की रोजचं इंग्रजी म्हणजे अवघड शब्दांनी भरलेलं एक कपाट आहे, आणि त्या कपाटाची किल्ली काही आपल्याला मिळालेली नाही. ही शुद्ध थाप आहे.

ज्यांना 'पेट्रिकोर' पाठ झाला त्यांना एक साधी परीक्षा देते. दूध उतू गेलं. दूध नासलं. दूध संपलं. भात खाली लागला. नळ गळतोय. ब्लाउजची शिवण उसवली. सुटे आहेत का? ही वाक्यं न अडखळता इंग्रजीत म्हणा बघू. यातलं एकही वाक्य असं नाही की जे महिन्यातून एकदा तरी आपल्या तोंडून निघत नाही. आमच्या ग्रुपवरच्या दोन इंजिनियरांना आणि एका एमबीएला मी विचारलं. 'मिल्क इज फिनिश्ड'पर्यंत गाडी आली, उतू गेलेल्या दुधापाशी तिघेही थांबले.

त्यांना दोष नाही. आपण इंग्रजी शिकलो ते असंच. आमच्या वेळी मराठी शाळेत पाचवीपासून ए बी सी डी सुरू व्हायचं. जून २०००पासून सरकारने ते पहिलीपासून केलं, त्यालाही आता पंचवीस वर्षं उलटून गेली. पण शिकवायची तऱ्हा फार बदलली असं मला दिसत नाही. आमच्या इंग्रजीत लाकूडतोड्या होता, कावळा होता, राजा होता, पुढे आठवी-नववीत औद्योगिक क्रांती आणि प्रदूषण आलं. संपलेलं दूध कुठेच नव्हतं. आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसल्या, मराठी वाक्य डावीकडे आणि इंग्रजी उजवीकडे. त्या पुस्तकाने व्याकरण पक्कं केलं हे मी मान्य करते, माझ्या आजोबांची अर्ज लिहिण्याची इंग्रजी त्यावरच उभी होती आणि ती झकास होती. पण अर्ज लिहिणं निराळं आणि शेजारणीकडे चमचाभर विरजण मागणं निराळं.

आता ते उतू गेलेलं दूध. इंग्रजीत ते 'बॉइल्ड ओव्हर' होतं. नासलं की 'गॉन ऑफ' (निदान साहेबाच्या देशात, अमेरिकेत 'गॉन बॅड'). संपलं की 'वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क'. नीट बघा, यात अवघड शब्द एकही नाही. बॉइल, गो, रन, ओव्हर, ऑफ, आउट, हे सगळे पाचवीतले. रोजचं इंग्रजी हे असल्या बारक्या क्रियापदांना बारकी शेपटं लावून चालतं, आणि शेपूट बदललं की प्राणीच बदलतो. दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासतं, दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो आणि घड्याळाचा गजर 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो! शब्दांच्या यादीत 'गो म्हणजे जाणे' आणि 'ऑफ म्हणजे बंद' एवढंच असतं. त्यावरून गजर वाजल्याचं कोणाला कळायचं?

चार्ल्स ऑग्डेन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' काढलं होतं. फक्त ८५० शब्दांत सगळं इंग्रजी, त्यात क्रियापदं जेमतेम अठरा. जगाला काय आनंद झाला असेल! पण यात एक चलाखी होती. पुट, गेट, टेक, गो ही त्या अठरांतली, आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सहन करणं, 'गेट ओव्हर' म्हणजे सावरणं, 'गेट बाय' म्हणजे कसंबसं निभावणं. हिशोबात शब्द आठशे पन्नास, शिकायला किती ते देवच जाणे. पुढे १९५३मध्ये मायकेल वेस्टने साधारण दोन हजार शब्दांची एक यादी छापली, ती बरीच शहाणपणाची. हा वेस्ट आपल्याच उपखंडात, ढाक्याला बरीच वर्षं शिक्षक होता. त्याने एकेका शब्दाचे कोणते अर्थ जास्त वापरात आहेत तेही नोंदवलं. हे काम आपल्या 'आजचा शब्द'वाल्यांना कळलं असतं तर 'युबिक्विटस'च्या जागी 'पुट' आला असता आणि आठवडाभर मुक्कामाला राहिला असता.

हे सगळं मराठी माणसाला परकं वाटायचं काहीही कारण नाही. आपल्याकडे 'लावणे' आहे. दार लाव म्हणजे बंद कर. दिवा लाव म्हणजे चालू कर. कुकर लाव, विरजण लाव, टिकली लाव, झाड लाव, नंबर लाव, वेड लाव, वाट लाव. आता कल्पना करा, एखाद्या जर्मन माणसाला आपण 'लावणे' या शब्दाचा एकच अर्थ पाठ करायला दिलाय. तो बिचारा दिवा लाव म्हटल्यावर घरभर अंधार करून बसेल. 'काढणे'चंही तेच, रांगोळी काढ, फोटो काढ, खोड काढ, समजूत काढ, बँकेतून पैसे काढ. आणि 'खाऊन घे', 'खाऊन टाक', 'खाऊन बसला' यांतला फरक? शेवटच्यात पश्चात्तापाचा वास आहे, तो कुठल्या कोशाने शिकवला आपल्याला? आजीने शिकवला, आणि तेही शिकवतेय हे तिला कळलं नाही. ज्या बाईला मराठीतला हा सगळा पसारा झोपेत चालवता येतो, तिला 'टर्न ऑन, टर्न ऑफ, टर्न अप, टर्न डाउन' झेपणार नाही असं मला कोणी सांगू नये.

बरं, तिच्याजवळ काहीच नाही हेही खोटं. इंग्रजीचा एकही वर्ग न बघितलेल्या माणसाला टेबल, तिकीट, पंक्चर, ब्रेक, सेल, मिक्सर, फॉल-पिको, डिस्चार्ज, ॲडमिट, बॅलन्स, रिचार्ज असले शेकडो शब्द येतात. यातले काही इतके आपले झालेत की साहेबही ओळखणार नाही. स्टेपनी घ्या. १९०४च्या सुमाराला वेल्समध्ये जादा चाक विकणारी एक कंपनी निघाली, तिचं हे नाव. तिकडे चाक गेलं, नाव गेलं, आपल्या ट्रकवाल्यांनी दोन्ही जपून ठेवलं. डिकीचंही तसंच, तिकडे आता 'बूट' किंवा 'ट्रंक' म्हणतात. म्हणजे सुरुवात शून्यापासून होत नाही. पण क्लासवाल्याचा धंदा शून्यावरच चालतो ना. तुम्हाला काहीच येत नाही हे आधी पटवायचं, मग तीस दिवसांत फाडफाड बोलायला शिकवतो म्हणायचं. (फाडफाड का? इंग्रजी बोलताना नेहमी काहीतरी फाटलंच पाहिजे का? मराठी आपण फाडफाड बोलत नाही, नुसतं बोलतो.)

आता मावशीचं सांगते. तिची परवानगी घेतली आहे.

माझी मोठी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली. लेकीकडे अमेरिकेत जायचं ठरलं तेव्हा तिने शहाण्यासारखा एक क्लास लावला. (हेही 'लावणे' बघा.) दोन महिने, आठवड्यातून तीन दिवस, वर एक हजार शब्दांचं पुस्तक. मावशी मुळात शिक्षिका, तिने ते शब्द पाठ केले. 'मे आय इंट्रोड्यूस मायसेल्फ' छान म्हणायची. आपली आवड, आपले छंद, माझे आवडते फळ, सगळं इंग्रजीत तयार.

तिकडे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी, घरात ती आणि झोपलेला नातू एवढेच असताना, तिला अस्वस्थ वाटायला लागलं. छाती भरून आली, घाम सुटला. ती शेजारी गेली. शेजारीण भली बाई. तिने काय होतंय विचारलं. हजार शब्दांत छाती भरून येणं नव्हतं. मावशीला जो शब्द आठवला तो आपण सगळेच अशा वेळी वापरतो तो. ती म्हणाली, "गॅस." छातीकडे हात केला असेल, पण घराकडेही केला असेल. शेजारीण धावत घरात आली, शेगडीची बटणं तपासली, वास घेतला, खिडक्या उघडल्या, नातवाला उचलून अंगणात आणलं. मग सगळं ठीक आहे म्हणून मावशीच्या पाठीवर हात फिरवून गेली. तोवर मावशीला बरं वाटायला लागलं होतं. संध्याकाळी लेकीला म्हणाली, पित्त झालं असेल.

दोन दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी जिना चढताना. रात्री दवाखान्यात नेलं. जावई दुभाषाचं काम करत होता. तो पोरगा हुशार आहे, पण त्याचं मराठी इंग्रजी शाळेतलं. मावशी बोलली चार वाक्यं, त्याने सांगितलं एक : तिला 'अनईझी' वाटतंय. मग तिथल्या नर्सने एक पडदा लावलेली गाडी ओढत आणली, त्यावर कुठल्यातरी दुसऱ्या गावाहून एक मराठी बाई दिसायला लागल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार, बोला." मावशी म्हणते, त्या दोन शब्दांनीच तिला निम्मं बरं वाटलं. मग ती बोलली. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं. डावा हात भरून येतो. चढ चढलं की वाढतं, थांबलं की उतरतं. जळजळ नाही, ढेकर नाही. डॉक्टरांना नेमकं एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी स्टेंट घातला. आता ठणठणीत आहे, या महिन्यात पंढरपूरला जाऊन आली.

ही दुभाषाची सोय त्या दवाखान्याने उपकार म्हणून केलेली नव्हती. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना १९६४च्या नागरी हक्क कायद्यामुळे आणि २०१०च्या आरोग्य कायद्यामुळे ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी दुभाषी फुकट द्यावा लागतो. फोनवर किंवा पडद्यावर मराठी मिळू शकते. मुलं, सुना, जावई तिकडे असलेल्या तुम्हा सगळ्यांना विचारते, तुमच्या आई-वडिलांना विमानात बसवण्याआधी तुम्ही 'मराठी इंटरप्रीटर, प्लीज' हे तीन शब्द शिकवले होते का? इमिग्रेशनच्या खिडकीवर काय बोलायचं याची घोकंपट्टी मात्र प्रत्येकाने करून घेतली असेल.

आणि दुखण्याचे शब्द. मराठी माणसाचं दुखणं नुसतं दुखत नाही. ते ठणकतं, ठुसठुसतं, सणकतं, चमकतं, चुरचुरतं, कळ येते, पेटका येतो, मुंग्या येतात, अंग कसकसतं. हे सगळे शब्द आपण 'पेन'च्या एकाच पोत्यात कोंबतो आणि डॉक्टरपुढे ठेवतो. इंग्रजीत हे शब्द नाहीत असं थोडंच आहे! कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली दुखण्याची एक प्रश्नावली छापली, तिच्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द वीस गटांत लावलेत. रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून दुखणं कोणत्या जातीचं आहे याचा अंदाज येतो म्हणून. ठणका म्हणजे 'थ्रॉबिंग'. सणक म्हणजे 'शूटिंग'. चुरचुरणं 'स्टिंगिंग'. पेटका 'क्रॅम्प'. हातापायाला मुंग्या म्हणजे 'पिन्स अँड नीडल्स', टाचण्या आणि सुया, त्यांना मुंग्या चावत नाहीत वाटतं. बधिर झालं तर 'नम्ब'. छातीतली जळजळ 'हार्टबर्न', ज्याचा हृदयाशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच हा शब्द नीट माहीत हवा. छाती भरून येणं मात्र 'टाइटनेस', 'हेविनेस', 'प्रेशर'. डोकं गरगरतंय, घर फिरतंय, तर 'द रूम इज स्पिनिंग'. डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडेनसं वाटतंय तर 'आय फील फेंट'. आपण दोन्हीला चक्कर म्हणतो, डॉक्टर या दोन्हींची कारणं वेगवेगळ्या ठिकाणी शोधतात.

सांगा, सेरेंडिपिटी आधी की हे आधी?

आता यावर मला काय उत्तर येणार तेही माहीत आहे. एक पक्ष म्हणेल, इंग्रजी हवंच कशाला, मराठीचा अभिमान नाही का. हा पक्ष आपल्याच घरात भरपूर आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले होते, आणि पेढे वाटणाऱ्यांपैकी कोणाचाही नातू मराठी शाळेत नाही. यांच्याशी मी वाद घालत नाही. मावशीच्या छातीवर पाटा होता तेव्हा मराठीच कामाला आली, हे मी आत्ताच सांगितलंय.

दुसरा पक्ष जास्त घातक. हा चुका काढणारा पक्ष. 'भारतीय लोक इंग्रजीत करतात त्या पन्नास चुका' हे याचं आवडतं साहित्य. 'प्रीपोन' चूक, 'गुड नेम' चूक, 'आउट ऑफ स्टेशन' चूक, 'माय हेड इज पेनिंग' तर महापाप. अहो, 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आहे. 'डू द नीडफुल' एकेकाळी साहेबाच्याच कचेरीत चालत होतं, तो विसरला, आपण नाही. 'आउट ऑफ स्टेशन' हे गोऱ्या अंमलदारांच्या नेमणुकीच्या ठाण्यांवरून आलं. आणि 'माय हेड इज पेनिंग' म्हटल्यावर न्यूयॉर्कच्या डॉक्टरला डोकं दुखतंय हे कळत नाही का? लख्ख कळतं. जे खरंच कळत नाही ते या पन्नासांत कधी नसतं. 'मला बीपी आहे, शुगर आहे' हे तिकडे सांगून बघा. बीपी प्रत्येक जिवंत माणसाला असतं. 'हाय ब्लड प्रेशर' आणि 'डायबिटीस' म्हणायला हवं. 'लूज मोशन' म्हटलं तर नर्स तुमच्या तोंडाकडे बघत राहील. म्हणजे काय चुकतं यापेक्षा कुठे अडतं हे सांगा ना लोकांना! पण त्यात हसायला मिळत नाही, हीच तर अडचण.

हसण्याबद्दल थोडं. २०१२ साली 'इंग्लिश विंग्लिश' आला तेव्हा आम्ही घरचे चौदा जण एकत्र बघायला गेलो होतो. श्रीदेवीने केलेली ती पुण्याची शशी गोडबोले, लाडू करणारी, जिच्या इंग्रजीला तिचीच मुलगी हसते. चौदांपैकी निदान नऊ जण रडले. आणि मावशीचा स्टेंट होऊन महिना झाला नाही तोच आमच्यातल्याच एकाने ग्रुपवर विनोद टाकला, 'मावशी आणि अमेरिकन गॅस एजन्सी'. पोट धरून हसणारे चेहरे मोजा हवे तर, अजून तिथे आहेत. मावशीनेही एक हसरा चेहरा टाकला. पण त्यानंतर ती उरलेले चार महिने त्या शेजारणीशी बोलली नाही. समोर आली की मान हलवायची आणि आत निघून जायची. ज्या बाईने तिच्या नातवाला उचलून अंगणात आणलं तिला 'थँक यू' म्हणायचंही राहिलं, कारण त्यापुढे आणखी काही बोलावं लागलं तर काय, ही धास्ती. मावशीच्या इंग्रजीचं जे काही नुकसान झालं ते अमेरिकेत झालं नाही, आपल्या ग्रुपवर झालं.

वेरूळला गेलात तर लेण्यांबाहेर माळा आणि चमकते दगड विकणारी पोरं बघा. दहा-बारा देशांच्या पाहुण्यांशी व्यवहार करतात. त्यांना कोणी व्याकरण विचारत नाही. 'लुकिंग फ्री' म्हणतात, 'लास्ट प्राइस' म्हणतात, गिऱ्हाईक थांबतं, हसतं, घेतं. त्यांनी शब्द शिकलेच नाहीत, सबंध वाक्यं उचलली, जशी लागली तशी, आणि दिवसभरात शंभरदा वापरली. त्यांना कोणी हसलं तरी परवडतं, कारण विक्री होते. आपल्या घरातल्या माणसांना मात्र प्रत्येक वाक्याला परीक्षक असतो.

म्हणून मी मावशीला एक वही दिली. तिच्यात ए टू झेड नाही. पहिलं पान दूध, दुसरं पान नळ आणि वीज, मग भाजीवाला, मग बस, आणि शरीर, त्याला तब्बल सहा पानं. शब्द लिहायचा नाही, आख्खं वाक्य लिहायचं, जे ती मराठीत खरंच बोलते तेच, आणि लिहायचं देवनागरीत. क्लासमध्ये याला बंदी होती, म्हणे सवय वाईट लागते. अहो, सत्तरीच्या बाईला 'थ्रॉबिंग'चं स्पेलिंग कशाला हवंय? ती डॉक्टरला चिठ्ठी लिहिणार आहे की बोलणार आहे? आठवड्याला पाच वाक्यं, आणि ती कोणाला तरी मोठ्याने म्हणून दाखवायची. आरशाला नाही. सध्या रविवारी दुपारी मला फोन करते आणि म्हणते, मी ऐकते. मध्ये बोलत नाही.

एक गोष्ट मात्र वहीत मावत नाही, ती सूर. मराठीत आपण 'पाणी द्या ना जरा' म्हणतो, त्या 'ना'त आणि 'जरा'त सगळी अदब असते. शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं की उरतं 'गिव्ह मी वॉटर', म्हणजे हुकूम. म्हणून 'कुड आय हॅव' हे एवढं मात्र मी तिच्याकडून घोकून घेतलं. उलट 'हाउ आर यू'ला खरं उत्तर द्यायचं नसतं, हे पटायला तिला वेळ लागला. मी म्हटलं, आपण दारात भेटल्यावर 'काय, जेवण झालं का?' विचारतो, तेव्हा कोणी भाजी कोणती होती ते सांगतं का? ती म्हणाली, आमच्याकडे सांगतात.

ज्याच्याकडे 'आजचा शब्द' टाकायचं खातं आहे त्याने निदान एवढं करावं. महिनाभर सूर्य आणि गुलाब राहू देत, त्यावर दुखण्याचे शब्द टाका. रोज एक. 'नम्ब'वर सतरा अंगठे आले तर मी माझं सगळं बोलणं मागे घेईन. आणि कोणी ग्रुपवर मोडकं इंग्रजी लिहिलं तर त्याखाली हसरा चेहरा टाकायचा नाही. ज्याला राहवत नाही त्याने पाच मिनिटं फोन उलटा ठेवावा.

मावशीला पुढच्या उन्हाळ्यात परत जायचंय. शेजारणीला काय म्हणायचं ते तिने लिहून काढलंय, दोन वाक्यं, मला अजून दाखवलेली नाहीत. सध्या पोटाचं पान चाललंय. परवा वायगोळ्याला काय म्हणायचं विचारत होती. अमेरिकेत त्याला गॅसच म्हणतात असं सांगितल्यावर फोनवर बराच वेळ हसत होती. उसण राहिलीय अजून. 'बॅक पेन' मला नकोय, आणि 'स्पॅझम' तिला पटत नाही, म्हणते उसण भरते, स्पॅझम कुठे भरतो? कोणाला चांगला शब्द सापडला तर खाली लिहा, रविवारच्या आत.